सनाम पकड आणि पूर्वनिर्देश
नमुनाजुळणीच्या यंत्राची रचना

मुद्रितशोधकाच्या नजरेतून हमखास निसटणारी एक चूक असते. एका ओळीच्या शेवटी ‘आहे’ हा शब्द येतो आणि पुढच्या ओळीच्या आरंभी तोच शब्द पुन्हा छापला जातो. वाचणारा अर्थाच्या ओघात असल्यामुळे त्याला दुसरा ‘आहे’ दिसतच नाही. संगणकाला अर्थ कळत नाही. म्हणून तो या ओघात वाहूनही जात नाही. मात्र ही चूक पकडण्यासाठी त्याच्या अंगी एक गुण असावा लागतो. आताच कोणता शब्द वाचला, हे त्याने लक्षात ठेवले पाहिजे आणि पुढे आलेला शब्द त्याच्याशी ताडून पाहिला पाहिजे.

लक्षात ठेवणे आणि ताडून पाहणे या दोन क्रिया एकाच कामाचे दोन भाग वाटतात. यंत्राच्या रचनेत मात्र त्यांचे मोल फार वेगळे आहे. वाचलेला भाग लक्षात ठेवून त्याला नाव देणे स्वस्त आहे. पुढील वाचन त्या आठवणीवर अवलंबून ठेवणे महाग आहे. हा भेद कसा उत्पन्न होतो व रचनाकाराने तो कसा सांभाळावा, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

१. नमुना म्हणजे काय?

‘रमेश’ हा शब्द मजकुरात शोधणे सोपे आहे. परंतु ‘कोणतीही तारीख शोध’ असे सांगायचे झाल्यास एकच एक शब्द देऊन भागत नाही. तारखेचे स्वरूप सांगावे लागते. अशा स्वरूपवर्णनाला आपण ‘नमुना’ म्हणू. संगणकशास्त्रात त्याला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ असे नाव आहे. निरनिराळ्या संगणकभाषांत नमुने लिहिण्याच्या पद्धती थोड्याफार भिन्न असल्यामुळे येथे आपण एक सोपी लिपी वापरू. ‘अंक’ म्हणजे कोणताही एक अंक. ‘+’ म्हणजे आधीची गोष्ट एकदा किंवा अधिक वेळा, ‘*’ म्हणजे शून्य किंवा अधिक वेळा, ‘?’ म्हणजे असली तर असो. ‘|’ म्हणजे ‘किंवा’. या लिपीत तारखेचा नमुना असा होईल:

अंक+ - अंक+ - अंक+

(मोकळी जागा केवळ वाचनाच्या सोयीसाठी सोडली आहे.) ‘१५-८-१९४७’ हा मजकूर या नमुन्यात बसतो.

या कल्पनेचा उगम गणितात आहे. वॉरन मॅकलक व वॉल्टर पिट्स यांनी १९४३ साली मज्जापेशींच्या जाळ्याचे एक गणिती प्रतिरूप मांडले. त्याचा अभ्यास करताना स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली अशा नमुन्यांचे गणित तयार केले. ते १९५६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. वर दिलेले ‘*’ हे चिन्ह त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे १९६८ साली केन थॉम्पसन यांनी नमुन्याचे रूपांतर आयबीएम ७०९४ या संगणकाच्या आज्ञांत करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि नमुनाजुळणी हे मजकूर संपादनाचे नित्याचे साधन झाले.

२. पकड

तारीख सापडली एवढे कळून बहुधा भागत नाही. तिच्यातील दिवस कोणता व महिना कोणता, हेही हवे असते. यासाठी नमुन्यातील हवा तो भाग कंसात घालतात:

(अंक+) - (अंक+) - (अंक+)

कंसातील भागाशी मजकुराचा जो तुकडा जुळतो, त्याला ‘पकड’ म्हणू. यंत्र तो तुकडा उतरवून घेत नाही. तुकडा मजकुरात कोठे सुरू झाला व कोठे संपला, एवढे दोन आकडे ते टिपून ठेवते. तीन कंसांसाठी सहा आकडे पुरतात. सुरुवातीचे कंस डावीकडून मोजून पकडींना १, २, ३ असे क्रमांक मिळतात. संपूर्ण जुळणीला ० हा क्रमांक देण्याचा प्रघात आहे.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. कंसानंतर ‘+’ असल्यास तोच कंस अनेकदा जुळतो. (अक्षर)+ हा नमुना ‘कमळ’ या शब्दाशी जुळवला तर पकडीत काय राहील? बहुतेक यंत्रांत केवळ शेवटचे ‘ळ’ राहते, कारण प्रत्येक फेरीत तेच दोन आकडे पुसून नवे लिहिले जातात.

३. पूर्वनिर्देश

आता आरंभीच्या मुद्रणदोषाकडे वळू. एकच शब्द लागोपाठ दोनदा आला आहे काय, हे शोधण्याचा नमुना असा लिहिता येईल:

(अक्षर+) जागा \१

‘\१’ याचा अर्थ ‘पहिल्या पकडीत जे आहे, नेमके तेच पुन्हा’. यालाच आपण ‘पूर्वनिर्देश’ म्हणू. पुन्हा कोणताही शब्द आला तरी चालेल, असा त्याचा अर्थ नव्हे. तोच शब्द आला पाहिजे.

हा नमुना मात्र अपुरा आहे. ‘आता ताट वाढा’ या निर्दोष वाक्यातही त्याला ‘ता ता’ सापडेल. पकड शब्दाच्या आरंभापासून सुरू झाली पाहिजे व पुनरुक्ती शब्दाच्या शेवटी संपली पाहिजे, अशी अटही नमुन्यात घालावी लागते. ती घातल्यावरही ‘पुन्हा पुन्हा’, ‘हळू हळू’ हे शब्द सापडतीलच. ते चूक आहेत की भाषेचे लेणे आहेत, हे ठरविणे माणसाचे काम आहे. यंत्राने बोट दाखवावे, निर्णय शोधकाने घ्यावा.

मराठीत पूर्वनिर्देशाला साजेसे आणखी एक उदाहरण आहे. चहाबिहा, भाकरीबिकरी, पुस्तकबिस्तक अशा शब्दांत पहिले अक्षर बदलून ‘बि’ येते आणि उरलेला भाग जशाचा तसा परत येतो. म्हणून त्यांचा नमुना असा होतो:

अक्षर (अक्षर+) बि \१

‘भाकरीबिकरी’ मध्ये पकडीत ‘करी’ येते व ‘बि’नंतर तेच ‘करी’ मागितले जाते. ज्या बोलीतील शब्दांची यादी कोणी केलेली नाही, तिच्यातीलही असे शब्द हा एक नमुना वेचून काढू शकतो.

४. क्रमांकाचा धोका

तारीख कोणी ‘१५-८-१९४७’ अशी लिहितो, कोणी ‘१५/८/१९४७’ अशी. दोन्ही मान्य आहेत; पण ‘१५-८/१९४७’ हे मान्य नाही. म्हणून पहिले चिन्ह पकडून दुसऱ्या ठिकाणी तेच मागावे:

(अंक+) (-|/) (अंक+) \२ (अंक+)

काही दिवसांनी कोणी सुधारणा सुचवितो की, तारखेपूर्वी वार लिहिलेला असल्यास तोही टिपावा. नमुन्याच्या आरंभी (वार)? हा नवा कंस बसविला जातो. आता वाराची पकड पहिली झाली, दिवसाची दुसरी आणि चिन्हाची तिसरी. परंतु ‘\२’ हा निर्देश जुनाच राहिला. तो आता चिन्हाऐवजी दिवस पुन्हा मागू लागतो आणि एकही योग्य तारीख जुळत नाही. नमुना लेखननियमांनुसार शुद्ध असल्यामुळे यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही.

ही चूक निदान उघडकीस तरी येते. दुसरी चूक अधिक घातक आहे. जन्मनोंदींतून महिनावार कोष्टक करणारी एक कार्यप्रणाली आहे व ती साध्या तीन कंसांच्या नमुन्यातून दुसरी पकड ‘महिना’ म्हणून घेते, असे समजा. आरंभी वाराचा कंस वाढताच दुसऱ्या पकडीत दिवस येऊ लागतो. १३ व त्यापुढील दिवस महिना म्हणून अमान्य ठरतील. परंतु १ ते १२ या तारखांना जन्मलेली मुले बिनदिक्कत जानेवारी ते डिसेंबर या रकान्यांत जाऊन बसतील. कोष्टक भरलेले दिसेल आणि ते चुकीचे असेल. ५ ऑगस्टला जन्मलेले बालक मे महिन्यात मोजले गेले, हे त्या कोष्टकाकडे पाहून कोणास ओळखता येणार नाही.

दोन्ही चुकांचे मूळ एक आहे. क्रमांक वस्तूचे स्थान सांगतो, ओळख सांगत नाही. स्थान बदलले की क्रमांकाचा अर्थ बदलतो. शाळेच्या हजेरीपटात नवे नाव मध्येच शिरले की पुढील सर्व मुलांचे क्रमांक सरकतात. परंतु मुलांची नावे तीच राहतात. पकडीलाही नाव दिले तर ही आपत्ती टळते:

(दिवस: अंक+) (चिन्ह: -|/) (महिना: अंक+) \चिन्ह (वर्ष: अंक+)

आता आरंभी वाराचा कंस वाढो, की महिना दिवसाच्या आधी येवो; ‘चिन्ह’ म्हणजे चिन्हच आणि ‘महिना’ म्हणजे महिनाच राहतो. शिवाय नमुना वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाला त्याचा हेतूही कळतो. अशा पकडीला आपण ‘सनाम पकड’ म्हणू. पायथन या संगणकभाषेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही सोय रूढ केली. २००७ साली पर्लच्या ५.१० या आवृत्तीत, २०११ साली जावाच्या सातव्या आवृत्तीत आणि २०१८ साली जावास्क्रिप्टच्या मानकात ती आली.

५. रचनाकाराने ठरवायच्या गोष्टी

नाव देण्याची सोय करावयाची, एवढे म्हणून रचना पूर्ण होत नाही. पुढील प्रश्नांची उत्तरे आधी निश्चित करावी लागतात.

पहिला प्रश्न: सनाम पकडीला क्रमांकही द्यावा काय? पायथन व पर्ल यांत ती इतर पकडींच्या रांगेत आपला क्रमांक घेते. डॉटनेटमध्ये आधी सर्व निनावी पकडींना क्रमांक मिळतात व मग सनाम पकडींना. रूबीमध्ये नमुन्यात एक जरी नाव आले तरी साधे कंस काहीच पकडीत नाहीत. तिन्ही रीती सुसंगत आहेत. मात्र एका यंत्रासाठी लिहिलेला मिश्र नमुना दुसऱ्यावर नेल्यास घात होतो. म्हणून एका नमुन्यात नावे व क्रमांक यांची सरमिसळ करू नये, हा व्यवहारातील उत्तम नियम होय.

दुसरा प्रश्न: एकच नाव दोन पकडींना चालेल काय? पायथन ही चूक मानते. परंतु ‘दिवस-महिना किंवा महिना-दिवस’ असा पर्यायी नमुना असेल, तर दोन्ही बाजूंना ‘दिवस’ हे नाव असणे स्वाभाविक आहे, कारण एका वेळी एकच बाजू जुळणार असते. जावास्क्रिप्टच्या २०२५ च्या मानकात नेमकी एवढीच सवलत दिलेली आहे.

तिसरा प्रश्न: जी पकड जुळलीच नाही, तिच्याकडे निर्देश केल्यास काय व्हावे? तारखेत वार नसेल तर त्या पकडीत काहीच नसते. ‘काही नाही’ आणि ‘रिकामा मजकूर’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली म्हणजे न आलेले पत्र आणि दुसरी म्हणजे आलेले कोरे पत्र. पायथन व पर्ल यांत अशा निर्देशामुळे ती जुळणी फसते. जावास्क्रिप्टमध्ये तो रिकामा मजकूर समजून पुढे जाऊ दिले जाते. रचनाकाराने यांपैकी एक निवडावे आणि ते स्पष्ट लिहून ठेवावे.

चौथा प्रश्न संदिग्धतेचा आहे. ‘\११’ म्हणजे अकरावी पकड, की पहिली पकड व तिच्यापुढे ‘१’ हा अंक? जुन्या युनिक्स संपादकांत निर्देश १ ते ९ एवढेच होते, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नसे. पर्लच्या ५.१० आवृत्तीने निर्देशाचा क्रमांक महिरपी कंसात लिहिण्याची सोय करून तो सोडविला. नावाचा आरंभ व शेवट दाखविणारी निश्चित खूण असली की हा घोळ राहत नाही.

शेवटी, चूक केव्हा सांगावी? नमुन्यात नसलेल्या नावाकडे निर्देश केला असेल, तर ते नमुना वाचताक्षणीच सांगावे; मजकूर चाळू लागल्यानंतर नव्हे. यंत्र नमुना वाचताना नाव व क्रमांक यांचे एक कोष्टक तयार करते आणि प्रत्येक नावाच्या जागी क्रमांक घालते. प्रत्यक्ष जुळणीच्या वेळी नावांचा मागमूसही उरत नाही. म्हणूनच आरंभी म्हटले की नाव देणे स्वस्त आहे.

६. आठवणीचे मोल

पूर्वनिर्देशाचे तसे नाही. क्लेनी यांच्या मूळ गणितातील नमुना मर्यादित अवस्थांच्या यंत्राने ओळखता येतो. हे यंत्र एक एक अक्षर वाचते व प्रत्येक अक्षरागणिक एका अवस्थेतून दुसरीत जाते. अवस्थेखेरीज त्याला दुसरी स्मृती नसते. पूर्वनिर्देश अशा यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे, हे सहज सिद्ध करता येते.

(क*) ख \१ हा नमुना घेऊ व तो संपूर्ण मजकुराशी जुळला पाहिजे अशी अट घालू. ‘ख’च्या आधी जितके ‘क’, तितकेच नंतर हवेत. हे १०० अवस्थांच्या यंत्राने ओळखता येते, असे क्षणभर माना. त्याला एक ‘क’, दोन ‘क’, असे करीत १०१ ‘क’पर्यंत १०१ निरनिराळे मजकूर द्या. अवस्था १०० आणि मजकूर १०१. तेव्हा कोणते तरी दोन मजकूर यंत्राला एकाच अवस्थेत आणून सोडणार. समजा ते ४० व ७० ‘क’चे आहेत. यापुढे ‘ख’ व ४० ‘क’ दिले, तर यंत्र दोहोंना एकच उत्तर देईल. पण पहिल्याला ‘होय’ व दुसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर हवे आहे. अवस्था कितीही वाढविल्या तरी हाच युक्तिवाद लागू पडतो.

हे केवळ तात्त्विक नव्हे. नमुना जुळविण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिलीत यंत्र एक वाट धरते. ती फसली की मागे येऊन दुसरी धरते. हिला ‘माघारपद्धती’ म्हणू. दुसरी रीत थॉम्पसन यांची: सर्व शक्य वाटा एकाच वेळी, एक एक अक्षर पुढे नेत जायचे. दोन वाटा एकाच जागी एकाच अवस्थेत भेटल्या, तर त्यांचे भवितव्य सारखेच असते; म्हणून एक ठेवून दुसरी सोडून देता येते. पकड असली तरी बिघडत नाही. ज्या वाटेला प्राधान्य आहे तिचे आकडे ठेवावेत. त्यामुळे वाटांची संख्या कधीच हाताबाहेर जात नाही आणि वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो.

पूर्वनिर्देश आला की ही काटकसर बंद पडते. (क*) क* ख \१ हा नमुना ‘कककखकक’ या संपूर्ण मजकुराशी जुळवून पाहा. ‘ख’पाशी चार वाटा एकाच अवस्थेत येऊन भेटतात, त्यांच्या पकडीत अनुक्रमे तीन, दोन, एक व शून्य ‘क’ असतात. जास्तीत जास्त पकडणाऱ्या वाटेला प्राधान्य देऊन बाकीच्या सोडल्या, तर ‘ख’नंतर तीन ‘क’ मागितले जातील व जुळणी फसेल. खरे उत्तर दोन ‘क’ पकडणाऱ्या वाटेत होते आणि तीच आपण टाकून दिली! चारही वाटांचे भवितव्य निरनिराळे असल्यामुळे चारही सांभाळणे भाग आहे.

अशा वाटा किती होऊ शकतात? १०० अक्षरांच्या मजकुरातून एका पकडीला ५,०५० निरनिराळे अरिक्त तुकडे मिळू शकतात. दोन स्वतंत्र पकडींच्या जोड्या २,५५,०२,५०० होतात. तिसरी पकड आली की हा आकडा पुन्हा हजारो पटींनी वाढतो. आल्फ्रेड एहो यांनी १९९० साली दाखविले की, पूर्वनिर्देशांच्या संख्येवर मर्यादा नसल्यास ही समस्या गणिती परिभाषेत ‘एनपी-पूर्ण’ वर्गातील आहे. अशा समस्या प्रत्येक वेळी जलद सोडविणारी रीत आजवर कोणास सापडलेली नाही.

७. दोन वाटांचे यंत्र

पूर्वनिर्देश नसतानाही माघारपद्धती धोक्याची ठरू शकते. (क+)+ ख हा नमुना ज्यात ‘ख’ नाहीच अशा ३० ‘क’च्या मजकुराशी जुळवायचा झाल्यास, त्या ३० अक्षरांचे गट पाडण्याचेच ५३,६८,७०,९१२ प्रकार होतात आणि भोळे यंत्र ते सर्व तपासत बसते. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीची जगभरची सेवा सुमारे २७ मिनिटे खंडित झाली, ती अशाच अनावर माघारी घेणाऱ्या एका नव्या नमुन्यामुळे. त्यानंतर कंपनीने वेळेची हमी देणाऱ्या यंत्राकडे वळण्याचे जाहीर केले.

रस कॉक्स यांनी रचलेले व गूगलने २०१० मध्ये सर्वांसाठी खुले केलेले ‘आरई२’ हे अशा हमीच्या यंत्राचे उदाहरण आहे. त्यात सनाम पकड आहे, पूर्वनिर्देश मुळीच नाही. गो भाषेतील नमुनाजुळणीतही हीच निवड आढळते. नाव स्वस्त व आठवण महाग, हा भेद येथे रचनेतच उतरला आहे.

परंतु मुद्रितशोधकाला पूर्वनिर्देश हवाच असतो. त्याच्यासाठी मधला मार्ग आहे. नमुना वाचतानाच त्यात पूर्वनिर्देश आहे की नाही, हे यंत्राला कळते. नसेल तर जलद रीत वापरावी. असेल तर माघारपद्धतीने जावे, परंतु पावलांची मर्यादा घालावी आणि ती ओलांडल्यास ‘उत्तर मिळाले नाही’ असे स्पष्ट सांगावे. ‘जुळत नाही’ आणि ‘ठरविता आले नाही’ यांत फरक आहे. अनोळखी व्यक्तीने पाठविलेला नमुना चालविताना तर मर्यादेवाचून पूर्वनिर्देश कधीही स्वीकारू नये.

८. देवनागरीतील एक अडचण

‘नेमके तेच पुन्हा’ म्हणजे काय, हाही प्रश्नच आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोड या संकेतप्रणालीत दोन प्रकारे साठविता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ व त्याखालील नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु चिन्हाला चिन्ह लावून ताडणारे यंत्र ‘दुसऱ्या दुसऱ्या’ या पुनरुक्तीत एक शब्द एका प्रकारे व दुसरा दुसऱ्या प्रकारे लिहिलेला असल्यास त्यांना भिन्न ठरवील. म्हणून जुळणीपूर्वी सर्व मजकूर एकाच प्रमाणरूपात आणावा.

त्याचप्रमाणे ‘भा’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर असले, तरी संगणकात ते ‘भ’ व काना अशी दोन चिन्हे असते. ‘भाकरीबिकरी’चा नमुना लिहिताना एक चिन्ह म्हणजे एक अक्षर असे धरल्यास पकडीत काना जाऊन बसतो आणि जुळणी फसते. नमुन्यातील ‘अक्षर’ या शब्दाचा अर्थ यंत्राला नेमका सांगावा लागतो.

सारांश, पकडीला नाव देण्यात कधीही कुचराई करू नये. त्याचा भार यंत्रावर पडत नाही आणि उद्या तोच नमुना हाती घेणाऱ्याचे श्रम वाचतात. पूर्वनिर्देश मात्र जेथे ‘तेच पुन्हा’ हाच प्रश्न असेल, तेथेच वापरावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘पाणीबिणी’ हा शब्द तिसऱ्या भागातील नमुन्यात बसतो काय? पकडीत काय येईल?
२. वेळ ‘१०:३०:१५’ किंवा ‘१०.३०.१५’ अशी लिहितात. दोन्ही चिन्हे सारखी असावीत असा सनाम नमुना लिहा. नंतर आरंभी ‘सकाळी’ किंवा ‘दुपारी’ हा ऐच्छिक कंस वाढवून, काही बिघडते का ते पाहा.
३. (क*) क* ख \१ हा नमुना ‘ककखककक’ या संपूर्ण मजकुराशी का जुळत नाही, हे सर्व वाटा मांडून दाखवा.